कौलं बदलली तरी घर गळतंच? खरी भानगड कौलांखाली असते

मे महिना अर्धा सरला की पनवेलच्या आसपासच्या गावांत आगोटीची धांदल सुरू होते. सुकी मासळी, मसाले, सरपण, आणि सोबत घराची शाकारणी. ज्यांची घरं अजून कौलारू आहेत त्यांच्यापुढे दर वर्षी तोच प्रश्न असतो. फुटकी कौलं बदलून भागवायचं, वरून ताडपत्री टाकायची, की सगळं उतरवून एकदाचे पत्रे ठोकायचे?

बहुतेक जण पहिला उपाय करतात. पाच-पंचवीस कौलं बदलतात, मृगाचा पाऊस येतो आणि घर पुन्हा त्याच कोपऱ्यात गळतं. मग दोष कौलांना, नाहीतर गवंड्याला दिला जातो. खरं तर जुन्या छपरात कौल हा सर्वांत टिकाऊ भाग असतो. आधी खराब होतं ते खालचं लाकूड.

हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. कोकणात आधी गवताची किंवा कुंभारानं हातानं घडवलेल्या नळीच्या कौलांची छपरं असायची. नळीची कौलं एकमेकांत अडकत नाहीत, नुसती एकमेकांवर बसतात. वारा, माकडं, मांजरं यांनी ती सरकायची, म्हणून दर वर्षी ती उतरवून, झाडून पुन्हा लावावी लागत. कटकट होती, पण त्या निमित्तानं वासे-रिपा दर वर्षी डोळ्यांखालून जायच्या.

मग आलं मंगलोरी कौल. १८६५ साली बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी मंगळुरात कौलांचा कारखाना सुरू केला. यंत्रावर दाबून केलेल्या या सपाट कौलाला कडेनं खाच असते आणि शेजारचं कौल त्या खाचेत बसतं. पश्चिम किनाऱ्यावर ते झपाट्यानं पसरलं. छप्पर दर वर्षी उघडायची गरज संपली आणि तिथंच घोळ झाला. अनेक घरांत दोन-दोन पिढ्या वाशांकडे कुणी नीट पाहिलेलंच नसतं.

वजनाचं गणित

एक मंगलोरी कौल साधारण सव्वादोन किलोचं. शंभर चौरस फुटांना दीडशेच्या आसपास कौलं लागतात. म्हणजे हजार चौरस फुटांच्या छपरावर तीन टनांहून जास्त ओझं. पावसात कौल पाणी पितं, तेव्हा ते आणखी वाढतं. हे सगळं पेलतात रिपा, रिपांना वासे, आणि वाशांना वरून आढं व खालून भिंतीच्या माथ्यावरचं आडवं लाकूड.

यातली एक रीप वाळवीनं पोखरली की ती बोटभर खाली बसते. वरची कौलं तिच्यासोबत बसतात, खाचा सुटतात आणि पाणी आत येतं. आता तिथलं कौल बदलून काय होणार? नवं कौलही त्याच वाकलेल्या रिपेवर बसणार. रायगड जिल्ह्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस होतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत कोसळतो. त्यात बोटभर फटसुद्धा पुरते.

ताडपत्रीचं तसंच आहे. कौलांवर टाकलेलं प्लास्टिक उन्हानं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी चिरतं. रिपांवर सपाट पसरून वर कौलं ठेवली, तर जिथं प्लास्टिक झोळीसारखं लोंबतं तिथं पाणी साचतं आणि लाकूड ओलं राहतं. वाळवीला याहून चांगलं आमंत्रण नाही. प्लास्टिक घालायचंच असेल तर ते वाशांवरून ताणून घ्यावं, त्यावर वाशांच्याच दिशेनं पातळ पट्ट्या ठोकाव्या आणि मग आडव्या रिपा माराव्या. आत शिरलेलं पाणी मग पट्ट्यांमधून वळचणीपर्यंत वाहून जातं.

उतरवायचं कसं?

छप्पर पुन्हा बांधायचं तर ते घरच्या चार माणसांना जमण्यासारखं आहे, पण सोबत एक जाणता सुतार हवाच. पहिलं काम विजेचं. महावितरणची तार छपराजवळून येत असेल तर ती बंद करून घेतल्याशिवाय वर चढू नये. शिडी वर बांधलेली असावी. आणि कौलाच्या मधोमध पाय कधीच ठेवू नये. खाली वासा असेल तिथंच, तेही फळी टाकून. जुनं कौल दिसायला धडधाकट असतं आणि माणसाच्या वजनाखाली एका क्षणात फुटतं. घरातले म्हातारेकोतारे सांगतात म्हणून नव्हे, तर खाली खरोखर फरशी असते म्हणून हे ऐकावं.

उतरवताना आढ्यापासून सुरुवात करायची आणि दोन्ही पाखी बरोबरीनं रिकामी करायची. एक पाखं पूर्ण मोकळं आणि दुसऱ्यावर दीड टन ओझं असं झालं, तर जुना सांगाडा एका अंगाला कलू शकतो. पुन्हा लावतानाही हाच नियम, फक्त सुरुवात वळचणीपासून.

उतरवलेलं प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून बघायचं. खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर आत चीर आहे. शेवाळ ब्रशनं घासून काढायचं. कमी पडणारी कौलं नवीच हवीत असं नाही. पनवेलमध्ये जुनी घरं पाडून इमारती उठताहेत आणि पाडलेल्या घरांची कौलं विकायला येतात. मात्र कौलाच्या पाठीवरचा कारखान्याचा छाप बघून घ्यावा. वेगवेगळ्या कारखान्यांच्या खाचा एकमेकांत बसतीलच असं नाही, आणि हे बाजारातून टेम्पो भरून आणल्यावर कळणं फार महागात पडतं.

लाकडाची तपासणी स्क्रूड्रायव्हरनं होते. टोक वाशात सहज घुसलं तर तो वासा गेला. सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते वाशाच्या भिंतीत टेकलेल्या टोकाकडे. तिथं ओल राहते आणि मातीच्या नळ्या करत वाळवी तिथूनच वर चढते. मधला वासा ठणठणीत आणि टोक भुसा, असं हमखास सापडतं. चांगल्या सागाचा वासा असेल तर फक्त कुजलेलं टोक कापून जोड देता येतो. कोकणात लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल लावायची जुनी पद्धत आहे. ते गुणकारी आहे, पण अंगावर उडालं तर कातडी भाजते, म्हणून हातमोजे घालूनच लावावं.

लाकूड परवडत नसेल तर लोखंडी चौकोनी पाइप हा पर्याय आहे. मुंबईतला लोखंडाचा व्यापार हलवण्यासाठी वसवलेला कळंबोलीचा बाजार पनवेलपासून अगदी जवळ आहे. पाइपला वेल्डिंगच्या जागी रेड ऑक्साइड लावायला विसरू नये, कारण खाऱ्या दमट हवेत गंज तिथूनच धरतो.

रिपांमधलं अंतर कुठल्या कागदावरून घेऊ नये. आपलीच दोन कौलं जमिनीवर एकमेकांत अडकवावी आणि मोजावं. अर्ध्या इंचाची चूक दहाव्या ओळीला पाच इंच होते. उतार साधारण तीस अंशांचा हवा, म्हणजे आडव्या फुटाला सुमारे सात इंच चढ. त्याहून सपाट छपरावर वाऱ्यासोबत येणारं पाणी खाचेतून उलटं आत ढकललं जातं.

मग पत्रेच का नकोत?

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे होता. जिल्ह्यात असंख्य घरांची कौलं उडाली आणि पत्रेही उडाले. पण उडण्याची तऱ्हा वेगळी असते.

जोराचा वारा आढ्यावरून जाताना छपराच्या वरचा हवेचा दाब कमी होतो. त्याच वेळी उघड्या दारा-खिडक्यांतून आत शिरलेली हवा खालून वर रेटते. म्हणजे छप्पर खाली दबत नाही, वर उचललं जातं. कौलांच्या फटींतून ही हवा थोडी निसटते, म्हणून बहुतेकदा आधी कडेची आणि आढ्याची कौलं जातात. पत्रा मात्र शिडासारखा सगळा वारा अंगावर घेतो आणि सुटला तर रीप, खिळे घेऊन सुटतो. पत्रा वाईट असं नाही. तो हलका आहे, स्वस्त आहे, झटपट होतो. पण खिळ्यांवर ठोकलेला पत्रा आणि नीट बोल्ट मारलेला पत्रा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, शिवाय उन्हाळ्यात त्याखाली दुपार काढणं सोपं नाही. आणि जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते तोडू-कापू नयेत. त्यांतल्या ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांना घातक असते. पाणी मारून, तोंडाला मास्क लावून, अख्खेच उतरवावे.

कौलांना वाऱ्यापासून वाचवण्याचा उपाय स्वस्त आहे. अनेक मंगलोरी कौलांच्या पाठीला तार ओवायला भोक असतं आणि ते बहुतेक घरांत रिकामंच राहतं. वळचणीच्या दोन ओळी, दोन्ही कडा आणि आढ्याजवळची ओळ एवढी कौलं जरी गॅल्व्हनाइज्ड तारेनं रिपेला बांधली तरी पुष्कळ काम होतं. वाशांची टोकंही लोखंडी पट्टीनं भिंतीच्या माथ्यावरच्या लाकडाला जखडावी. नुसत्या ओझ्यावर बसलेला वासा वादळात उचलला जातो.

भिंतींची किंवा छपराची उंची वाढवायची असेल तर आधी शहरात महानगरपालिकेत आणि गावात ग्रामपंचायतीत विचारावं.

काम झाल्यावर पावसाची वाट बघायची गरज नाही. एकानं आढ्यावर पाइपनं पाणी सोडावं, दुसऱ्यानं आत दिवे घालवून टॉर्च घेऊन बघावं. थेंब पडतो तिथंच भोक असतं असं मात्र नाही. पाणी वाशाच्या पोटाखालून वाहत येतं आणि बऱ्याचदा तीन-चार फूट खाली येऊन टपकतं. म्हणून ओलीची रेघ खडूनं धरून वर वर जायचं, ती जिथं संपते त्याच्या वरचं कौल उचलायचं.