शीटवर विरार कुठे आहे?

विरार लोकलमध्ये आर्किटेक्चरचा विद्यार्थी चटकन ओळखू येतो. पाठीला शीट्सची लांब नळी, गर्दीपासून दोन्ही हातांनी जपलेलं माउंटबोर्डचं मॉडेल आणि डोळ्यांत सबमिशनच्या रात्रीचं जागरण. विरार पूर्वेला शिरगावात विवा संस्थेचं आर्किटेक्चर महाविद्यालय आहे, आणि शिकायला मुंबईकडे रोज जाणारी मुलंही इथून पुष्कळ. अभ्यासक्रम पाच वर्षांचा, दहा सत्रांचा. बाकीच्या पदव्यांत परीक्षा सत्राच्या शेवटी येते. इथे ती जवळजवळ दर आठवड्याला स्टुडिओत हजर असते. तिचं मोठं रूप म्हणजे ज्युरी: भिंतीवर शीट्स लावायच्या, समोर शिक्षक आणि बाहेरून आलेले आर्किटेक्ट बसणार, आणि जिना इथेच का काढला, वारा कुठून येतो, पावसाचं पाणी कुठे जातं, याचं उत्तर उभ्या उभ्या द्यायचं. ओढलेल्या प्रत्येक रेषेचं कारण सांगता आलं पाहिजे, ही सवय या शिक्षणाचं खरं बळ आहे. मात्र एवढ्या कष्टाने काढलेल्या शीट्स गुण मिळाले की गुंडाळून कपाटावर जातात, आणि त्यांतल्या फारच थोड्या विद्यार्थी ज्या गावात राहतो त्या गावाविषयी असतात. या मेहनतीचा ठरलेला वाटा दरवर्षी वसई-विरारच्या मोजणीला मिळावा आणि ते काम वर्षानुवर्षं जपलं जावं, असं मला ठामपणे वाटतं.

वसई-विरारच का, याचं कारण या शहराच्या घडणीत आहे. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका आणि आजूबाजूची गावं एकत्र करून इथे महानगरपालिका झाली. २०११च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाख २२ हजार होती. एकाच हद्दीत सोपाऱ्याचा बौद्ध स्तूप, वसईचा पोर्तुगीज किल्ला, पश्चिमेच्या केळीच्या आणि फुलांच्या वाड्या, खाडीकाठची मिठागरं आणि नालासोपाऱ्याच्या भिंतीला भिंत लागलेल्या इमारती आहेत. वाड्यांमध्ये बावखलं आहेत. बावखल म्हणजे रेताड जमिनीत खणलेलं छोटं तळं. पावसाळ्यात ते भरतं, पाणी हळूहळू जमिनीत मुरतं, भोवतालच्या विहिरी गोड राहतात आणि उन्हाळ्यात त्याच पाण्यावर वाडी शिंपली जाते. यातली कितीतरी बावखलं भराव घालून बुजवली गेली. जुलै २०१८च्या पावसात शहर दिवसेंदिवस पाण्यात राहिलं, नालासोपाऱ्यात रूळ बुडाले आणि गाड्या अडकल्या. पाणी का तुंबतं हे समजायला आधी उंची-सखलपणा कळावा लागतो: रस्ता किती वर आला, त्यामुळे जुन्या इमारतीचा तळमजला किती खाली गेला, नाला कुठे अरुंद झाला, बावखल कुठे होतं. ‘सर्व्हेइंग अँड लेव्हलिंग’ शिकताना विद्यार्थी नेमकं हेच करतात. उंची मोजायची डम्पी लेव्हल, स्टाफ आणि नोंदवही त्यांच्या हातात असतेच. ती महाविद्यालयाच्या आवाराऐवजी आचोळ्याच्या किंवा मनवेलपाड्याच्या रस्त्यावर नेली, तर तोच सराव शहराच्या कामी येईल.

ही कल्पना नवी नाही, आणि परकी तर मुळीच नाही. स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस १९१४मध्ये भारतात आले. मुंबई इलाख्यातल्या ज्या गावांची त्यांनी पाहणी केली, त्यांत ठाणे होतं. आजचा पालघर जिल्हा २०१४पर्यंत त्याच ठाणे जिल्ह्याचा भाग होता. आधी पाहणी, मग आराखडा, हा त्यांचा आग्रह. गल्लीबोळांतून स्वतः हिंडून, विहिरी, झाडं आणि माणसांची वहिवाट पाहून मगच ते पेन्सिल उचलत. १९१९मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. म्हणजे आज विरारच्या विद्यार्थ्याला जे विद्यापीठ पदवी देतं, त्याच विद्यापीठात शंभर वर्षांपूर्वी ही शिकवण दिली गेली. तिकडे अमेरिकेत, अलाबामा राज्यातल्या ऑबर्न विद्यापीठाने १९९३मध्ये ‘रूरल स्टुडिओ’ सुरू केला. तिथले विद्यार्थी एकाच गरीब भागात पिढ्यान्‌पिढ्या घरं आणि सार्वजनिक इमारती बांधत आले आहेत. त्यातलं घेण्यासारखं म्हणजे चिकाटी. एकदा भेट देऊन निघून जाणं वेगळं, आणि मागच्या तुकडीने जिथे काम सोडलं तिथून पुढच्या तुकडीने सुरू करणं वेगळं.

मापून आराखडे काढण्याचं काम आपले विद्यार्थी आधीपासून करतातच, असं कुणी म्हणेल. खरं आहे. ‘नासा’ या आर्किटेक्चर विद्यार्थ्यांच्या संघटनेच्या लुई कान चषकासाठी मुलं जुने वाडे, देवळं, अख्खी गावं इंचाइंचाने मोजतात आणि ते काम पाहून थक्क व्हायला होतं. कौशल्य आहे, उमेद आहे. वळण तेवढं हवं. दुसरा आक्षेप कल्पकतेचा. नाले आणि तळमजले मोजत बसलं तर मूल स्वप्नं कधी पाहणार? पण कल्पनेला जमीन लागते. दरवर्षी गुडघाभर पाणी येणाऱ्या गल्लीत शाळा कशी बांधायची, हा प्रश्न एखाद्या संग्रहालयाच्या प्रश्नाइतकाच अवघड आहे. तिसरा आक्षेप सगळ्यात गंभीर: विद्यार्थी म्हणजे पालिकेचे फुकटचे कामगार नव्हेत. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. हे काम गुणांत धरलं जावं, आधीच्या ओझ्यावर आणखी एक ओझं म्हणून येऊ नये. जागरणांचा अभिमान बाळगणं तर आता थांबायलाच हवं. अमेरिकेतल्या आर्किटेक्चर विद्यार्थ्यांच्या संघटनेने २००२मध्येच स्टुडिओतल्या या संस्कृतीविरुद्ध अहवाल काढला होता. शिवाय एखादी इमारत सुरक्षित आहे की नाही हे विद्यार्थ्यांनी ठरवू नये. ते परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरचं काम आहे.

उरतो तो प्रश्न इथल्या प्रत्येकाच्या मनातला: नकाशे काढून बेकायदा बांधकामं थांबतात का? ऑगस्ट २०२५मध्ये विरारच्या विजय नगर भागातली रमाबाई अपार्टमेंट ही अनधिकृत इमारत मध्यरात्री कोसळली आणि १७ माणसं गेली. त्याच वर्षीच्या सुरुवातीपर्यंत नालासोपारा पूर्वेच्या अगरवाल नगरी भागातल्या ४१ इमारती न्यायालयाच्या आदेशानुसार पाडाव्या लागल्या. ती जागा सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखीव होती. शेकडो कुटुंबांनी आयुष्याची पुंजी घालून घेतलेली घरं गमावली. यामागे पैसा आहे, सत्ता आहे, आणि मुलांच्या शीट्सने ती हलणार नाहीत, हे मी नाकारत नाही. पण विकास आराखड्यावरचं आरक्षण, एफएसआय, भोगवटा प्रमाणपत्र, ही भाषा घर घेणाऱ्या रिक्षाचालकाला किंवा धुणीभांडी करणाऱ्या बाईला कुणी समजावून सांगितलेली नसते. आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्याला ती पदवीपर्यंत पाठ होते. प्रभागाचा नकाशा, त्यावर रंगवलेली आरक्षणं आणि साध्या मराठीत चार ओळी, असा एक फलक वाचनालयात किंवा प्रभाग कार्यालयात लागला, तर बयाणा देण्याआधी माणूस निदान एक प्रश्न विचारू शकेल.

सिडकोने या भागासाठी केलेला विकास आराखडा २०२१पर्यंतचा होता; त्यानंतर नवा आराखडा लागणारच. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६नुसार आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचना देण्यासाठी नागरिकांना मोजकेच दिवस मिळतात. तेवढ्या दिवसांत कुणी आपली गल्ली मोजू शकत नाही. ती आधी मोजलेली असावी लागते. म्हणून विरार-वसईतल्या आणि इथल्या मुलांना शिकवणाऱ्या मुंबईतल्याही प्राध्यापकांना विनंती आहे: पुढच्या सत्रासाठी साइट निवडाल, तेव्हा एक तरी साइट वैतरणा आणि वसईच्या खाडीमधली निवडा.