जांभळी खोडं, उडालेला गुलाबी: एका रानचित्राच्या आणि प्रतींच्या आठ गमती

इंदूरच्या अन्नपूर्णा मंदिराच्या हत्तींच्या दरवाजातून निघालं की थोड्याच अंतरावर लालबाग राजवाडा. तिथलं लोखंडी फाटक लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकाच्या धर्तीवर घडवलेलं आहे. दूरदेशीची देखणी वस्तू तशीच्या तशी करवून दारात आणायची हौस या भागाला होळकरांच्या काळापासूनची! आता हीच हौस सोफ्यामागच्या भिंतीपर्यंत आली असेल, हातानं रंगवलेलं एखादं तैलचित्र घ्यायचं मनात असेल, तर व्हिन्सेंट व्हॅन गॉगचं ‘अंडरग्रोथ विथ टू फिगर्स’ जरूर बघा. पण त्याच्या प्रतीची ऑर्डर देण्याआधी, त्या चित्राच्या आणि एकूणच प्रतींच्या या आठ गमती वाचा.

१. आभाळ नसलेलं रान
जून १८९०, फ्रान्समधलं ऑव्हेर गाव. व्हॅन गॉगनं पॉपलरच्या झाडांच्या रांगा रंगवल्या, त्याही जांभळ्या-निळ्या खोडांच्या. खाली फुलांनी भरलेलं गवत आणि मधोमध एक पुरुष, एक स्त्री. आभाळ जवळजवळ नाहीच. २९ जुलैला चित्रकार गेला. मूळ चित्र आज अमेरिकेत, सिनसिनाटीच्या कलासंग्रहालयात आहे.

२. उंचीच्या दुप्पट रुंदी
मूळ कॅनव्हास साधारण ५० बाय १०० सेंटिमीटर. शेवटच्या दिवसांत व्हॅन गॉगला हे लांबोडकं माप फार आवडलं होतं. म्हणून प्रत घेताना १८ बाय ३६ किंवा २४ बाय ४८ इंच मागा. २४ बाय ३६ ची तयार फ्रेम गळ्यात मारली, तर दोन्ही कडांची झाडं कापली जातात नाहीतर खोडं उगाच ताणली जातात. रानाची सगळी खोली त्या रांगांमध्येच आहे, ती गेली की चित्रच गेलं.

३. पांढरी फुलं पांढरी नव्हती
आज पांढरी दिसणारी काही फुलं मुळात गुलाबी होती! व्हॅन गॉगनं वापरलेल्या त्या रंगात इओसिन होतं, जे लाल शाईतही वापरलं जायचं. उजेड लागला की ते फिकं पडतं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शास्त्रज्ञांनी रंगाचे कण तपासून उडालेला गुलाबी संगणकावर पुन्हा भरून दाखवला. त्यामुळे प्रत करणाऱ्यापुढे सुरेख पेच आहे: आजचं चित्र रंगवायचं की १८९० चं? माझं मत गुलाबीला. जे मूळ चित्रातून गेलं, ते प्रतीत परत आणता येतं.

४. नक्कल करणारा व्हॅन गॉग
ज्याच्या चित्रांच्या जगभर प्रती निघतात, तो स्वतः मन लावून प्रती करायचा. १८८७ मध्ये त्यानं जपानच्या हिरोशिगेची दोन छापचित्रं तैलरंगात उतरवली. पुढं सॅं-रेमीच्या रुग्णालयात असताना फ्रेंच चित्रकार मिलेच्या शेतकऱ्यांची वीसेक चित्रं केली. समोर होत्या मिलेच्या कामाच्या काळ्या-पांढऱ्या छापील प्रती, रंग सगळे त्याचे. रेषा गुरूची, रंग शिष्याचा!

५. लूव्रचा नियम
पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात १७९३ पासून चित्रकार मूळ चित्रासमोर बसून प्रती करतात. परवानगी मिळते, ईझलही मिळतं. एक अट मात्र पक्की: प्रत मूळ मापाची नको, निदान एक पंचमांशानं लहान किंवा मोठी हवी. फसवणुकीची वाट मापातच बंद.

६. अजिंठ्याच्या प्रतींचं दुर्दैव
आपल्याकडे रॉबर्ट गिलनं १८४४ पासून अनेक वर्षं अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या भल्यामोठ्या तैलप्रती केल्या. १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागून त्यातल्या बहुतेक जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ लेण्यांत राबले. त्यातल्याही बऱ्याच प्रती १८८५ च्या लंडनमधल्याच आगीत गेल्या. तरीही कष्ट वाया गेले नाहीत. पुढं जाड ग्रंथांतून अजिंठा जगापुढं आला तो याच कामामुळे.

७. दाफेनचा व्हॅन गॉग
चीनमधल्या शेन्झेनजवळच्या दाफेन गावात १९८९ मध्ये एक चित्रकार काही कारागीर घेऊन आला आणि बघता बघता अख्खं गाव तैलप्रती करू लागलं. तिथल्या झाओ शियाओयोंग यांनी वर्षानुवर्षं व्हॅन गॉग रंगवला. त्यांच्यावर ‘चायनाज व्हॅन गॉग्ज’ हा माहितीपटही निघाला. ॲमस्टरडॅमला जाऊन मूळ चित्रं पाहिल्यावर त्यांना स्वतःची चित्रं काढायची ओढ लागली. मग आजी रंगवली, आपलं गावही रंगवलं.

८. इंदूरचे ठिपके
दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी १९२७ मध्ये सुरू केलेल्या इंदूरच्या चित्रशाळेतून नारायण श्रीधर बेंद्रे घडले, जन्मानंही इंदूरचे. उत्तरायुष्यात त्यांनी फ्रेंच चित्रकार सराच्या ठिपक्यांची पद्धत उचलली आणि त्या ठिपक्यांतून रंगवल्या इथल्या खेड्यातल्या बायका, इथली झाडं. याच शाळेशी नातं असलेले चित्रकार एम. एफ. हुसेन तरुणपणी मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवत. लहान फोटोवरून भिंतीएवढा चेहरा उभा करता करता हात तयार होतो.

आता कामाचं. भारतात चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. व्हॅन गॉगची प्रत खुशाल करवून घ्या, १९९२ मध्ये गेलेल्या बेंद्र्यांच्या चित्रासाठी मात्र परवानगी हवीच.

प्रत खरंच हाताची आहे का, हे ओळखायला मोबाइलचा टॉर्च बाजूनं तिरपा धरा. खोडावरचा रंगाचा उंचवटा ब्रशच्या वळणानं खोडाबरोबर गेला पाहिजे. छापलेल्या कॅनव्हासवर नुसतं पारदर्शक जेल फासलं असेल, तर उंचवटे एकीकडे आणि खोड दुसरीकडे जाताना दिसेल. घाई करू नका. जवसाच्या तेलातला जाड रंग आतून वाळायला महिने लागतात, वार्निश त्यानंतरच.

आणि घरात चित्रं काढणारं पोर असेल, तर एक प्रत त्यालाच करू द्या. छापील चित्रावर पेन्सिलीनं चौकटी पाडा, कॅनव्हासवर तितक्याच संख्येच्या, पण मोठ्या चौकटी आखा आणि एकेक चौकट उतरवायला सांगा. एका खोडात किती रंग असतात, हे त्याला कुठल्याही पुस्तकापेक्षा लवकर कळेल.