एचपीचा कायापालट: काटकसरीची कमाई आणि किंमत

एखाद्या बलाढ्य कंपनीची सूत्रे नव्या प्रमुखाच्या हाती गेली, की साऱ्यांचे लक्ष लागते ते पुढील तिमाही निकालांकडे. नफा वाढला तर नेतृत्व यशस्वी, घटला तर अपयशी, असा सरळ हिशेब मांडला जातो. अमेरिकेतील ह्यूलेट-पॅकार्ड अर्थात एचपी या कंपनीची मार्क हर्ड यांच्या काळातील वाटचाल पाहिली, तर हा हिशेब किती अपुरा असतो, हे ध्यानात येते.

बिल ह्यूलेट आणि डेव्हिड पॅकार्ड यांनी १९३९ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो अल्टो येथे एका गॅरेजमधून सुरू केलेली ही कंपनी २००५ च्या प्रारंभी चाचपडत होती. तत्कालीन प्रमुख कार्ली फिओरिना यांनी २००२ मध्ये कॉम्पॅकचे विलीनीकरण घडवून आणले. ह्यूलेट घराण्याचा त्याला कडवा विरोध होता. विलीनीकरणातून अपेक्षित लाभ दिसेना आणि समभागाचा भाव सावरेना, तेव्हा संचालक मंडळाने फेब्रुवारी २००५ मध्ये फिओरिना यांना पायउतार व्हायला लावले. एप्रिलमध्ये एनसीआर कंपनीतून आलेले हर्ड मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. प्रसिद्धीपासून दूर राहणारा, आकडेवारीत रमणारा प्रशासक अशी त्यांची ख्याती होती.

नेमके काय बदलले?

हर्ड यांनी नवे स्वप्न विकले नाही. आधी खर्चाला कात्री लावली. जुलै २००५ मध्ये १४ हजार ५०० जणांची, म्हणजे सुमारे दहा टक्के कर्मचाऱ्यांची कपात जाहीर झाली. फिओरिना यांनी एकत्र केलेले प्रिंटर आणि संगणक हे विभाग त्यांनी पुन्हा वेगळे केले. मध्यवर्ती विक्री विभाग मोडीत काढून विक्रेते त्या त्या व्यवसायाकडे सोपवले. त्यामुळे विक्री आणि नफा या दोन्हींचा जाब एकाच विभागप्रमुखाला विचारता येऊ लागला. कंपनीची ८५ डेटा सेंटर्स मोजक्या सहांत सामावून घेण्याचे कामही हाती घेण्यात आले.

याच सुमारास बाजारही एचपीला अनुकूल झाला. डेलचा थेट विक्रीचा धंदा प्रामुख्याने टेबलावरच्या संगणकांवर आणि मोठ्या कार्यालयांवर उभा होता. घरगुती ग्राहक मात्र लॅपटॉपकडे वळत होता आणि तो दुकानात हाताळून, पारखून घेत होता. दुकानांचे जाळे एचपीकडे आधीपासून होते. परिणामी २००६ मध्ये संगणकविक्रीत एचपीने डेलला मागे टाकले. संगणक विभागाला २००५ मध्ये शंभर डॉलरच्या विक्रीमागे जेमतेम अडीच डॉलर नफा होत असे. २००७ मध्ये तो सव्वापाच डॉलरवर गेला.

कंपनीचे आर्थिक वर्ष ऑक्टोबरअखेर संपते. त्यानुसार २००५ मधील ८६.७ अब्ज डॉलरची उलाढाल २०१० मध्ये १२६ अब्ज डॉलरवर पोहोचली. निव्वळ नफा २.४ अब्ज डॉलरवरून ८.८ अब्ज डॉलर झाला. हर्ड यांच्या कारकिर्दीत समभागाचा भाव दुपटीहून अधिक वाढला. गुंतवणूकदार खूश होते, यात नवल नाही.

नाण्याची दुसरी बाजू

या यशाचा भार कर्मचाऱ्यांनी सोसला. ईडीएस ही सेवा कंपनी २००८ मध्ये १३.९ अब्ज डॉलरना घेतल्यानंतर आणखी २४ हजार ६०० पदे कमी करण्याची घोषणा झाली. मंदीच्या काळात, फेब्रुवारी २००९ मध्ये, हर्ड यांच्या मूळ वेतनात २० टक्के, तर सर्वसामान्य कर्मचाऱ्यांच्या वेतनात अडीच ते पाच टक्के कपात जाहीर झाली.

त्याहून दूरगामी ठरली ती संशोधनावरील काटकसर. २००५ मध्ये शंभर डॉलरच्या उलाढालीमागे सुमारे चार डॉलर संशोधन व विकासावर खर्च होत. २०१० मध्ये हे प्रमाण सव्वादोन डॉलरच्या आसपास आले. उलाढाल वाढल्याने टक्केवारी घटणे स्वाभाविक म्हणता आले असते. पण प्रत्यक्ष रक्कमही साडेतीन अब्ज डॉलरवरून तीन अब्जांखाली गेली. नेमक्या याच वर्षांत ॲपलचा आयफोन आणि आयपॅड बाजारात आले. एचपीने २०१० मध्ये पाम कंपनी विकत घेऊन ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला. पण जुलै २०११ मध्ये आलेला टचपॅड दोन महिनेही टिकला नाही.

ऑगस्ट २०१० मध्ये हर्ड यांना राजीनामा द्यावा लागला. त्यांच्यावरील लैंगिक छळाच्या तक्रारीच्या चौकशीत त्या धोरणाचा भंग आढळला नाही; मात्र खर्चाच्या हिशेबांसंदर्भात आचारसंहितेचा भंग झाल्याचा निष्कर्ष संचालक मंडळाने काढला. पुढे ते ओरॅकलमध्ये गेले. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्यामागे कंपनीची घडी विस्कटली. लिओ अपोथेकर यांना प्रमुखपदी वर्षभरही काढता आले नाही. २०१२ मध्ये सेवा व्यवसायाचे मूल्य ८ अब्ज डॉलरने कमी दाखवावे लागले. त्याचे मूळ प्रामुख्याने ईडीएसच्या खरेदीत होते. ऑटोनॉमी या ब्रिटिश कंपनीच्या खरेदीपायी त्याच वर्षी आणखी ८.८ अब्ज डॉलरवर पाणी सोडावे लागले. अखेर नोव्हेंबर २०१५ मध्ये मेग व्हिटमन यांच्या नेतृत्वाखाली कंपनीचे दोन तुकडे झाले.

ऑटोनॉमीचा व्यवहार हर्ड गेल्यानंतरचा. त्याचे खापर त्यांच्यावर फोडता येणार नाही. विस्कळीत कंपनीला शिस्त लावण्याचे त्यांचे कामही नाकारता येणार नाही. तथापि कपातीचा लाभ पुढच्याच तिमाहीत ताळेबंदात उमटतो, तर न केलेल्या संशोधनाचा तोटा दिसायला वर्षे लोटतात. नव्या प्रमुखाच्या पहिल्या चमकदार निकालांना दाद देताना गुंतवणूकदाराने नफ्याच्या ओळीबरोबर संशोधनखर्चाची ओळही वाचावी, ती एवढ्यासाठीच.