उदयोन्मुख राष्ट्रे आणि महासत्तेपुढील आव्हान : कुरकुंभच्या औषध-रसायन उद्योगाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

१९९१ मध्ये सोव्हिएत संघाचे विघटन झाले आणि अमेरिका ही जगातील एकमेव महासत्ता उरली. पुढे अवघ्या दहा वर्षांत, २००१ साली, गोल्डमन सॅक्स या वित्तसंस्थेतील अर्थतज्ज्ञ जिम ओ'नील यांनी ब्राझील, रशिया, भारत व चीन या देशांच्या आद्याक्षरांवरून 'ब्रिक' ही संज्ञा रूढ केली. तेव्हापासून अमेरिकेला आव्हान कोण देणार, हा प्रश्न वर्गात आणि चर्चासत्रांत सातत्याने विचारला जातो. उत्तरादाखल लोकसंख्या, राष्ट्रीय उत्पन्न व सैन्यबळ यांची कोष्टके मांडली जातात. ती आवश्यक असली तरी पुरेशी नाहीत. कोणावाचून कोणाचे अडते, ही अधिक व्यवहार्य कसोटी होय. प्रस्तुत लेखात ही कसोटी प्रथम जागतिक पातळीवर आणि नंतर पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यातील कुरकुंभ या औद्योगिक गावाच्या संदर्भात लावून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

महासत्तेचे आधार

कौटिल्याने राज्याची सात अंगे सांगितली : स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र. या क्रमात कोश दंडाच्या आधी येतो, हे लक्षणीय आहे. आधुनिक महासत्तेलाही हा क्रम लागू पडतो. स्टॉकहोम येथील शांतता संशोधन संस्थेच्या अनुमानानुसार २०२४ मध्ये अमेरिकेचा लष्करी खर्च सुमारे ९९७ अब्ज डॉलर, चीनचा ३१४ अब्ज, तर भारताचा ८६ अब्ज डॉलर होता. परंतु या दंडशक्तीमागे कोश उभा आहे. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेने डॉलरला जागतिक चलनव्यवस्थेच्या केंद्रस्थानी बसविले. आजही जगातील मध्यवर्ती बँकांच्या परकीय चलनसाठ्यात त्याचा वाटा निम्म्याहून अधिक आहे. अमेरिकेवाचून इतरांचे अडते ते मुख्यतः येथे.

यापूर्वीचे आव्हानकर्ते

या कसोटीवर पूर्वीची दोन उदाहरणे तपासण्याजोगी आहेत. सोव्हिएत संघाजवळ अण्वस्त्रे होती, अवकाशविज्ञान होते. पण त्याच्या नागरी मालावाचून जगाच्या बाजारपेठेचे फारसे अडत नव्हते. दंड होता, कोश दुबळा होता. जपानची स्थिती याउलट होती. त्याच्या मोटारी व इलेक्ट्रॉनिक वस्तू अमेरिकी घराघरांत पोहोचल्या, मात्र संरक्षणासाठी जपान अमेरिकेवरच विसंबून होता. १९८५ च्या प्लाझा करारानंतर येनचे मूल्य झपाट्याने वाढले, १९९० च्या दशकारंभी जपानमधील मालमत्तांच्या भावांचा फुगा फुटला आणि ते आव्हान ओसरले.

चीनचे वेगळेपण

चीनने डिसेंबर २००१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत प्रवेश केला आणि २०१० मध्ये जपानला मागे टाकून तो जगातील दुसऱ्या क्रमांकाची अर्थव्यवस्था बनला. त्याचे खरे सामर्थ्य मात्र उत्पादनसाखळीच्या मुळाशी आहे. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने आयातशुल्क वाढविताच चीनने सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. त्यांपासून बनणारी चुंबके विद्युत वाहनांपासून क्षेपणास्त्रांपर्यंत सर्वत्र लागतात. त्यानंतरच्या अमेरिका-चीन वाटाघाटींत हा विषय अग्रभागी राहिला. या टंचाईची झळ पुण्याच्या विद्युत दुचाकी उद्योगालाही बसली. सैन्य न हलविता महासत्तेला चर्चेला बसविता येते, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

भारताचे स्थान : कुरकुंभचे उदाहरण

पुणे-सोलापूर महामार्गावरील कुरकुंभ पूर्वी फिरंगाई देवीच्या स्थानामुळे ओळखले जाई. आज त्याची ओळख महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या रासायनिक वसाहतीमुळे अधिक आहे. सिप्ला, एमक्युअर, अल्काइल अमाइन्स, क्लीन सायन्स आदी कंपन्यांचे प्रकल्प येथे आहेत. या उद्योगाची साखळी समजून घेतल्यास भारताचे जागतिक स्थान स्पष्ट होते.

रुग्णाच्या हाती पडणारी गोळी ही या साखळीची शेवटची कडी. तिच्या आधी असते प्रत्यक्ष गुण देणारे औषधद्रव्य, ज्याला बल्क ड्रग म्हणतात. त्याच्या आधी टप्प्याटप्प्याने बनणारी मधली रसायने, आणि सर्वांच्या मुळाशी प्रारंभिक कच्चा माल. उदाहरणार्थ, पॅरासिटामॉल बनते पॅरा-अमिनोफिनॉलपासून. अमॉक्सिसिलिनचा उगम पेनिसिलिन-जीमध्ये असतो.

गोळीच्या टोकाला भारत समर्थ आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर नव्हे, तर केवळ त्याच्या प्रक्रियेवर पेटंट मान्य केले. त्यामुळे भारतीय रसायनशास्त्रज्ञांना तीच औषधे वेगळ्या मार्गाने बनविता आली. २००१ मध्ये सिप्लाने एड्सवरील तीन औषधांचा वर्षभराचा उपचार सुमारे ३५० डॉलरमध्ये देऊ केला. तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांच्या औषधांना वर्षाला दहा हजार डॉलरहून अधिक खर्च येत असे. गरीब राष्ट्रांचे भारतावाचून अडू लागले ते या सामर्थ्यामुळे.

साखळीच्या मुळाकडे गेल्यावर मात्र चित्र पालटते. पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने पेनिसिलिनच्या उत्पादनात देशाला स्वावलंबनाचा मार्ग दाखविला होता. पुढे चिनी माल स्वस्त पडू लागला आणि देशातील पेनिसिलिन-जीचे उत्पादन बंद पडत गेले. या परावलंबनाची किंमत २०२० मध्ये कळली. करोनामुळे चीनकडून येणारा पुरवठा विस्कळीत होताच ३ मार्च रोजी भारताने पॅरासिटामॉलसह २६ औषधद्रव्ये व औषधे यांच्या निर्यातीवर निर्बंध आणले. पुढच्याच महिन्यात अमेरिकेने भारताकडे हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनची मागणी केली. महासत्ता भारताकडे पाहत होती आणि भारताचा औषध उद्योग चीनकडे.

त्याच वर्षी केंद्र शासनाने ५३ औषधद्रव्यांसाठी ६,९४० कोटी रुपयांची उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजना जाहीर केली. तिच्या अंतर्गत २०२४ मध्ये आंध्र प्रदेशातील काकीनाडा येथे दीर्घ खंडानंतर पेनिसिलिन-जीचे उत्पादन पुन्हा सुरू झाले. केवळ अनुदानाने मात्र हा तोल बदलेल, असे नाही. या दृष्टीने कुरकुंभमधील क्लीन सायन्सचे उदाहरण उद्बोधक आहे. स्वतः विकसित केलेल्या उत्प्रेरक प्रक्रियांवर या कंपनीची प्रमुख रसायने आधारलेली असून ती चीनलाही निर्यात होतात. प्रक्रियेचे ज्ञान ज्याचे, त्याच्यावाचून इतरांचे अडते.

सामर्थ्याची किंमत

साखळीच्या मुळाकडची रसायने बनविणे हे सर्वाधिक प्रदूषणकारी काम आहे. चीनने प्रारंभी पर्यावरणाचा फारसा विधिनिषेध न बाळगता ही क्षमता उभारली आणि त्याचे मोल तेथील नद्यांनी व जनतेने चुकविले. कुरकुंभ परिसरातही सांडपाणी, दूषित भूजल व दुर्गंधी यांविषयीच्या तक्रारी जुन्या आहेत. कारखान्यांना आगी लागण्याच्या घटनाही घडल्या आहेत. मूळ कच्चा माल देशात बनवायचा तर त्याचा भार अशाच गावांवर पडणार. ज्या विहिरीचे पाणी पिण्यालायक राहिले नाही, तिच्या मालकाला महासत्तापदाचा अभिमान कसा वाटावा? सांडपाण्यावरील प्रक्रिया व कामगारांची सुरक्षा यांचा खर्च मालाच्या किमतीत धरूनही जो देश स्पर्धेत टिकेल, त्याचेच सामर्थ्य टिकाऊ ठरेल.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, आजच्या घडीला अमेरिकेपुढे सर्वांगीण आव्हान उभे करण्याची क्षमता एकट्या चीनपाशी आहे. तीही चलन व मित्र या अंगांनी अपुरी आहे. २०२४ व २०२५ मध्ये विस्तारलेला ब्रिक्स गट असंतोषाला व्यासपीठ देतो. पण भारत व चीन यांच्यातील सीमावादासारखे अंतर्विरोध पाहता त्याला एकसंध शक्ती म्हणता येत नाही. भारत साखळीच्या मधल्या कडीवर उभा आहे. त्याच्यावाचून अनेकांचे अडते, परंतु त्याचेही दुसऱ्यावाचून अडते. 'गरजवंताला अक्कल नसते' ही म्हण राष्ट्रांनाही लागू पडते, कारण अडलेल्या राष्ट्राचे परराष्ट्रधोरण स्वतंत्र राहू शकत नाही.

म्हणूनच हा विषय केवळ राज्यशास्त्राचा नाही. रसायनशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल व पर्यावरणशास्त्र या विभागांनी जवळच्या औद्योगिक वसाहतीचा संयुक्त अभ्यास हाती घेतल्यास कोणता माल कोठून येतो, तो येथे का बनत नाही आणि बनविल्यास पाण्याचे काय होईल, हे विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष पाहता येईल. जागतिक सत्तासंतुलनाचा अभ्यास दौंड तालुक्यातूनही सुरू होऊ शकतो.