परीक्षानळीविना पीएच.डी.

रसायनशास्त्रात पीएच.डी. केली म्हटलं की लोक आमच्या हातांवर ॲसिडचे डाग शोधतात. आमची प्रयोगशाळा मात्र संगणकात! चुलीतून, कारखान्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड भारी हट्टी. त्याचे बंध सहज तुटत नाहीत. १९८५ साली जपानमध्ये योशिओ होरी आणि सहकाऱ्यांनी क्षाराच्या पाण्यात बुडवलेल्या तांब्याला वीज देऊन त्यापासून मिथेन, म्हणजे जळणाचा गॅस, मिळवला. सोन्या-चांदीवर गाडी कार्बन मोनॉक्साइडपाशीच थांबते. प्लॅटिनम त्याला घट्ट धरून बसतं. तांब्याची पकड मधली. तशी पकड आणखी कुठल्या मिश्रधातूची, हे आम्ही क्वांटम समीकरणांनी काढतो. एकेक गणित कधी कित्येक दिवस चालतं. प्रबंधातली बरीच पानं ‘हा चालणार नाही’ एवढंच सांगतात. तोंडी परीक्षेत तीच ठामपणे मांडावी लागतात, कारण त्यांच्या भरवशावर प्रयोग करणाऱ्या मैत्रिणी तो धातू सोडून देणार असतात.