फिरंग तलवार आणि काही गैरसमज

दसऱ्याच्या शस्त्रपूजनात, मग ते वडोदऱ्याच्या नागरवाड्यातील एखाद्या मराठी घरी असो वा साताऱ्याकडील वाड्यात, पाटावर मांडलेल्या जुन्या सरळ तलवारीच्या पात्यावर क्वचित रोमन अक्षरे आढळतात. ती पाहून तलवार लुटीतली किंवा बनावट असावी, असा तर्क केला जातो. तो बहुधा चुकीचा असतो. अशा तलवारीस आपल्याकडे ‘फिरंग’ हे नावच आहे. पोर्तुगीज व अन्य व्यापाऱ्यांनी युरोपातील पाती पश्चिम किनाऱ्यावर आणली आणि त्यांना येथील पद्धतीच्या मुठी बसविण्यात आल्या. पोर्तुगीजांनी आणली म्हणून ती पोर्तुगालातच घडली, असेही नव्हे. जर्मनीतील सोलिंगेनच्या कारागिरांची पातीही त्यांत असत.

कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांकडून १८७५-७६ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्स यांना मिळालेली तलवार लंडनच्या राजसंग्रहात आहे. तीच भवानी तलवार, असा समज दृढ आहे. १९८० मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांनी ती परत आणण्याचा विषय हाती घेतला, तेव्हा ही चर्चा गावोगाव पोचली. वस्तुतः ती ‘जगदंबा’ या नावाने ओळखली जाते आणि तिच्या युरोपीय पात्यावर ‘आय.एच.एस.’ ही ख्रिस्तनामाची अक्षरे आहेत.

दुसरा समज असा की, युरोपीय तलवारी अवजड होत्या आणि त्यांचे युद्ध म्हणजे निव्वळ अंगबळ. चित्रपटांनी या समजास पुष्कळ खतपाणी घातले आहे. मध्ययुगीन एकहाती तलवारीचे वजन सामान्यतः एक ते दीड किलोच असे. त्या विद्येचे शास्त्रही होते. इटलीतील फिओरे याने १४१० च्या सुमारास तिच्यावर सचित्र ग्रंथ रचला.

धारेविषयीची हकीकत तर फारच बोधक आहे. नोलान या इंग्रज घोडदळ अधिकाऱ्याने १८५३ मध्ये लिहिले की, निजामाच्या स्वारांच्या तलवारी भयंकर कापतात, परंतु त्यांची पाती इंग्रजी फौजेने टाकून दिलेलीच होती! इंग्रजांची म्याने लोखंडी, म्हणून धार बोथट होई. स्वारांची लाकडी, म्हणून ती टिके.

शिक्षकांनी व ग्रामस्थांनी एवढे पाहावे की, पूजेपूर्वी असे पाते विटेच्या भुकटीने वा पॉलिश कागदाने घासले जाऊ नये. पात्यावरील ठसा एकदा झिजला की ते कोठे घडले, हे सांगणारा पुरावाच नाहीसा होतो. मऊ कापडाने पुसून तेलाचा पातळ हात फिरविणे पुरेसे आहे.