घर आपले, कारभारही आपला

आपल्या चार भिंतींच्या आत आपले घर संपले, असे मनुष्यास वाटते. परंतु ज्या इमारतीत अनेक बिऱ्हाडे नांदतात, तेथे हे खरे नसते. जिना, छप्पर, पाण्याची टाकी, सांडपाण्याचे नळ आणि अंगण ही सर्वांची असतात. मग जे सर्वांचे, ते सांभाळावयाचे कोणी? भाड्याच्या चाळीत या प्रश्नावरून नेहमी तंटा होई. मालक म्हणे, "भाडे तुटपुंजे, दुरुस्ती कशी परवडावी?" भाडेकरू म्हणे, "घर माझे नाही. खर्च मी का करावा?" दोघांचा वाद चाले आणि भिंत मात्र पावसात भिजत राही.

हा तंटा मिटविण्याचा एक मार्ग सहकाराने दाखविला. सहकार हा शब्द भिंगारच्या मुलांना परका नाही. त्यांच्याच अहिल्यानगर जिल्ह्यात, लोणी येथे, विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी आपल्या मालकीचा साखर कारखाना उभारला व तो १९५० साली सुरू झाला. ऊस पिकविणारा शेतकरीच कारखान्याचा धनी झाला. त्याच्याही ३५ वर्षे आधी मुंबईतील काही भाडेकरूंनी घरांच्या बाबतीत अशीच गोष्ट केली होती.

मुंबईत १८९६ साली प्लेगची साथ आली. दाट वस्तीच्या, अंधाऱ्या व कोंदट चाळींत तिने फार माणसे नेली. आरोग्यास निवारा किती महत्त्वाचा आहे, हे त्या वेळी सर्वांस कळून चुकले. पुढे १९१२ च्या कायद्याने पतपेढ्यांखेरीज अन्य सहकारी संस्थांनाही नोंदणीची वाट मोकळी झाली. तेव्हा श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी पुढाकार घेतला आणि १९१५ साली गावदेवी भागात सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी ही संस्था आजही नांदत आहे.

या संस्थेची रचना समजून घेण्यासारखी आहे. इमारत कोणा एका धनिकाची नसून संस्थेची असते. राहणारा मनुष्य संस्थेचा भाग विकत घेऊन सभासद होतो आणि आपल्या बिऱ्हाडाचे भाडे संस्थेलाच देतो. म्हणजे तो एकाच वेळी भाडेकरूही असतो आणि सर्वांबरोबर मालकही असतो. म्हणून अशा संस्थेस भाडेकरू सहभागीदारी संस्था म्हणतात.

तिचा कारभार चालतो तो असा. सर्व सभासदांची मिळून सर्वसाधारण सभा होते. ती आपल्यातून काही जणांना निवडून व्यवस्थापक समिती नेमते. समितीत अध्यक्ष, चिटणीस व खजिनदार असतात. जमाखर्च तपासला जातो आणि दरवर्षी सभेपुढे मांडला जातो. मोठ्या घरात राहणाऱ्यास अधिक मते व लहान घरात राहणाऱ्यास कमी, असा भेद येथे नाही. एक सभासद, एक मत, हा नियम होय. इंग्लंडातील रॉचडेल येथे २८ जणांनी १८४४ साली जे सहकारी दुकान काढले, त्या काळापासून सहकारी संस्था हा नियम पाळीत आल्या आहेत.

तथापि हक्काबरोबर कर्तव्यही येते. समजा, गच्ची गळू लागली. तळमजल्यावरील सभासद म्हणेल, "गळती वरच्याच्या घरात आहे, मी पैसे का द्यावेत?" परंतु गच्चीत मुरलेले पाणी तेथेच थांबत नाही. ते भिंतींत उतरते, आतील लोखंडास गंज चढतो आणि अखेर साऱ्या इमारतीस धोका पोहोचतो. म्हणून गच्चीचा खर्च सर्वांनी वाटून घ्यावयाचा असतो. असा खर्च एकाएकी अंगावर येऊ नये, याकरिता दरमहा थोडी रक्कम दुरुस्तीसाठी शिल्लक टाकतात. थेंबे थेंबे तळे साचते, ते असे.

अशा संस्थांतही दोष शिरतात. सभासद सभेस येत नाहीत, हिशेब वाचीत नाहीत आणि समितीला नावे मात्र ठेवतात. मग दोन-चार जणांच्या हाती सर्व कारभार जातो, आणि पूर्वी मालकाविषयी जी तक्रार होती तीच समितीविषयी होऊ लागते. मालकी कागदावर राहते, मन भाडेकरूचेच राहते. यावर उपाय कायद्यापेक्षा सवयीतच अधिक आहे. सभेस वेळेवर जावे, न पटल्यास शांतपणे बोलावे, आणि बहुमताने ठरलेले आपल्या मताविरुद्ध असले तरी पाळावे.

गाव करील ते राव काय करील, अशी म्हण आहे. परंतु गावाने ते करावयाचे मनावर घेतले पाहिजे. जिन्यावरचा कचरा आपला नव्हे म्हणून ओलांडून जाणारा आणि तो उचलून टाकणारा, हे दोघेही त्याच घराचे मालक असतात. त्यांतील दुसऱ्यामुळेच ते घर टिकते.